बॉयलर पास झाला, सिलेंडर राहिले

गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका सायझिंगवाल्याच्या मुलाचा फोन आला. वडिलांनी कारभार सोडलेला, बॉयलरच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आलेली, आणि सुरुवात कुठून करायची हे त्याला कुणी धड सांगेना. तासभर बोललो. शेवटी तो म्हणाला, "ताई, हे लिहून द्या की. माझ्या ध्यानात काय राहायचं नाही." म्हणून लिहितेय. आमचं हे सगळं २०२३ च्या दिवाळीत झालं. त्या दिवसांची वही जपून ठेवलीय, तारखा तिच्यातल्याच.

आमचं गाव इचलकरंजी, यंत्रमागांचं. ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. यंत्रमागावर चढण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावून ते वाळवावं लागतं, त्याला सायझिंग म्हणतात. खळ शिजवायला वाफ आणि सूत वाळवायलाही वाफ, त्यामुळे सायझिंग म्हटलं की बॉयलर आलाच. आमचा तासाला दोन टन वाफ देणारा, स्मोक ट्यूबचा (धूर ट्यूबांमधून जातो, पाणी त्यांच्या बाहेरून), लाकूड आणि ब्रिकेटवर (काडीकचऱ्याच्या दाबलेल्या विटांवर) चालणारा.

कारखाना अप्पा बघायचे. सप्टेंबरात त्यांची बायपास झाली. तोवर कारखान्याशी माझा संबंध बिलं आणि जीएसटीपुरता. मी बी.कॉम. आहे. बॉयलरच्या शेडमध्ये मी फार तर दसऱ्याला पूजेच्या वेळी जायचे, तेही पदर सावरत, लांबूनच नमस्कार करून. ३ ऑक्टोबरला ऑफिसात भिंतीवरची फ्रेम पुसताना तारीख दिसली. सर्टिफिकेट २४ नोव्हेंबरपर्यंतच होतं. अप्पांना आठवण होतीच, पण डॉक्टरांनी त्यांना कारखान्याचं नाव काढायलाही बंदी केली होती, आणि दरवर्षी हे काम बघणारे सल्लागार वर्षभरापूर्वी गाव सोडून गेलेले.

त्या रात्री कायदा उघडून बसले. १९२३ चा बॉयलर कायदा आणि त्याखालची १९५० ची नियमावली, जिला सगळे आयबीआर म्हणतात. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक. पण खरं सांगू का, मला वाटलं होतं त्यापेक्षा कायदा समजायला सोपा गेला. सर्टिफिकेट जास्तीत जास्त बारा महिन्यांचं. नूतनीकरणासाठी अर्ज करायचा, निरीक्षक येऊन बघणार, आणि बॉयलर बघण्याजोगा करून ठेवणं ही मालकाची जबाबदारी. ही शेवटची गोष्ट कलम १४ मध्ये आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. योग्य कारण नसताना बॉयलर तयार नसेल तर निरीक्षक तपासणी नाकारतो, वर कळवतो, आणि पुन्हा नव्याने अर्ज करायची वेळ येते. बॉयलर चालवायलाही मनाई होऊ शकते.

कलम १० मधली एक ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली. मुदत संपण्याआधी अर्ज केलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्या सर्टिफिकेटवरच्या दाबापर्यंत बॉयलर चालवता येतो. अर्ज एक दिवस उशिरा केला तर ही सवलत गेली. आग विझवायची आणि हात चोळत बसायचं.

अर्ज ऑनलाइन करायचा होता, बाष्पके संचालनालयाच्या पोर्टलवर. (बाष्पक म्हणजे बॉयलर. हा शब्द मी कारखान्यात मोठ्याने म्हटला तेव्हा आमचा सायझर, म्हणजे सायझिंगचं मशीन चालवणारा, पोट धरून हसला होता.) लॉगिनला ओटीपी लागतो आणि तो जायचा त्या गाव सोडून गेलेल्या सल्लागारांच्या मोबाइलवर. चूक पूर्णपणे आमची. नंबर बदलण्यासाठी लेटरहेडवर अर्ज, अप्पांची सही, कार्यालयाच्या दोन खेपा. यात चार-पाच दिवस गेले. तुम्ही हे वाचत असाल तर आधी उठा आणि आपल्या लॉगिनला कुणाचा नंबर जोडलाय ते बघून या.

११ ऑक्टोबरला चलन भरलं. शुल्क बॉयलरच्या हीटिंग सरफेसवर (आगीची धग लागणाऱ्या एकूण पृष्ठभागावर) ठरतं आणि तो आकडा जुन्या सर्टिफिकेटवर असतो. अंदाजाने काही भरू नका. सोबत जुनं सर्टिफिकेट आणि आमच्या अटेंडंटचं (बॉयलर चालवणाऱ्याचं) प्रमाणपत्र जोडलं. बॉयलरचं मेमोरँडम बुक मात्र कपाटात सापडेना. हे पुस्तक म्हणजे बॉयलरची जन्मपत्रिका. कुणी बनवला, कधी, पत्रा किती जाडीचा, कुठल्या वर्षी काय आढळलं, कोणती ट्यूब कधी बदलली, सगळं त्यात असतं. शेवटी ते देवघराच्या खणात मिळालं, अप्पांच्या पॉलिसीबरोबर. २० तारखेला तपासणीचा दिवस कळला, शुक्रवार १७ नोव्हेंबर.

दिवस सोयीचा होता. दिवाळीत सायझिंग बंदच असतात. वसुबारसेला, म्हणजे ९ तारखेला संध्याकाळी, शेवटचा बीम (सूत गुंडाळलेला रूळ) उतरवला आणि आग काढली. मी लगेच सफाईवाल्यांना फोन लावायला निघाले, तर म्हादूमामांनी हात आडवा केला. म्हादूमामा आमचे अटेंडंट, सेकंड क्लासचे, एकवीस वर्षं याच बॉयलरवर.

"ताई, गडबड करू नगा. तापल्या तव्यावर पाणी मारल्यावर काय हुतं?"

तीन दिवस त्यांनी बॉयलरला हात लावू दिला नाही. कारण मागच्या वर्षी घाई झाली होती. गरम असतानाच पाणी सोडलं, आतला गाळ तापल्या पत्र्यावर भाजून बसला, वरून थंड पाण्याचा पाइप मारला. ट्यूबा आणि ट्यूब प्लेट (ट्यूबांची टोकं ज्यात बसवलेली असतात तो पत्रा) असं एकदम आखडलं की ट्यूबांची टोकं सैल पडतात. ते तेव्हा नको म्हणाले होते, पण कुणी ऐकलं नव्हतं. कुणी म्हणजे अप्पांनी. मामा हे सांगताना इकडेतिकडे बघून घेत होते.

१३ तारखेला मॅनहोल उघडलं. सफाईवाले चौघं, बोली १६,००० रुपयांची. त्यातला एक नेहमीच्या लाइनवरचा हॅलोजन आणि लांबलचक वायर घेऊन आला होता. मामांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. ओल्या लोखंडी भांड्यात २३० व्होल्टचा दिवा न्यायचा नाही. कारखाने कायद्यात अशा बंदिस्त जागेत हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा आहे. ट्रान्सफॉर्मरवाला दिवा शेजारच्या प्रोसेस कारखान्यातून मागून आणला. माणूस आत उतरण्याआधी स्टीम लाइनला ब्लँक (वाट बंद करणारी चकती) घातला, ब्लो डाऊनचा (तळचं गाळपाणी सोडायचा) व्हॉल्व्ह साखळीने बांधला, आणि बाहेर एक जण फक्त आतल्याशी बोलत राहायला उभा केला. तो बोलत राहिला म्हणजे मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर ओरडून सांगत राहिला. दोन दिवसांनी भारत-न्यूझीलंड सेमीफायनल होती, सगळ्यांच्या अंगात वर्ल्ड कप शिरला होता.

पाडवा आणि भाऊबीज सुट्टी. १६ ला उरलेली सफाई. नियमावलीत तयारी म्हणजे काय हे नेमकं लिहिलंय: बॉयलर रिकामा, थंड आणि स्वच्छ, मॅनहोल-हँडहोलची सगळी झाकणं काढलेली, भट्टीच्या जाळ्या आणि कमानीच्या विटा बाहेर, धुराच्या ट्यूबा झाडलेल्या, व्हॉल्व्ह आणि कॉक सुटे करून ठेवलेले. मी ते मराठीत लिहून दारावर चिकटवलं आणि एकेका ओळीवर मामांकडून बरोबरची खूण करून घेतली. दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह उतरवून लॅपिंगला (बैठक घासून घट्ट करायला) दिले, ५,००० रुपये. दोन प्रेशर गेज कॅलिब्रेशनला, १,२०० रुपये. दिवाळीत ही दुकानं बंद असतात, हे मला ऐनवेळी कळलं. लॅपिंगवाल्याच्या घरी फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा त्याने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

१७ ला सकाळी साडेदहाला निरीक्षक साहेब आले. मी फायली मांडून बसलेली. त्यांनी फायलींकडे बघितलंच नाही, थेट शेडमध्ये गेले. आधी बॉयलरवर कोरलेला नोंदणी क्रमांक पुस्तकाशी ताडून बघितला. मग भट्टीत डोकं घातलं, छोट्या हातोडीने टकटक करत आवाज ऐकत राहिले. शाबूत पत्रा खणखणतो, खराब असेल तर बद्द वाजतो. कुंभाराकडे मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसंच. मग मॅनहोलमधून बॅटरी मारली आणि मला म्हणाले, "या, बघा. तुमचंच आहे."

मी पहिल्यांदा बॉयलरच्या आत बघितलं. ओल्या चुन्यासारखा वास. ट्यूबांच्या रांगा, आणि मागच्या बाजूच्या ट्यूबांवर पांढरट खार. साहेबांनी नखाने टवका काढून माझ्या तळहातावर ठेवला. दोन मिलिमीटर तरी असेल.

"सॉफ्टनर आहे ना?"

"आहे."

"पाणी कोण तपासतं?"

मामा रोज तपासत होते, हे खरं. पण कडकपणा तपासायच्या किटमधल्या थेंबांची मुदत मार्चमध्येच संपली होती. रंग बदलत होता, मामा 'ओके' लिहीत होते. साडेचारशे रुपयांचं किट. खार बसला की उष्णता पाण्यात पोचत नाही, ब्रिकेट जास्त जळतात आणि ट्यूबेचा पत्रा नको तितका तापतो. म्हणजे ते साडेचारशे आम्ही दर आठवड्याला भट्टीत जाळत होतो.

साहेबांनी आतली तपासणी पूर्ण झाल्याचं लिहिलं, खार काढायला सांगितला, आणि बॉयलर बंद करून हायड्रॉलिक टेस्टची तयारी करा म्हणाले. टेस्ट २१ ला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तिच्यामुळे आमची अब्रू वाचली. नियमावलीतच म्हटलंय की शक्य असेल तर साहेब यायच्या आधी स्वतः एकदा प्राथमिक चाचणी घ्या, बॉयलरच्या कामाच्या दाबाच्या वर न जाता, म्हणजे सांधे कुठे गळतात ते कळतं. १८ तारखेला नव्या गास्केटी (३,८०० रुपये) घालून झाकणं आवळली, बॉयलर काठोकाठ भरला, वरच्या कॉकमधून हवा सगळी जाऊन पाण्याची सलग धार येईपर्यंत. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी ब्लँक. हातपंप मारायला लागलो. दाब चौरस सेंटिमीटरला ६ किलोपर्यंत गेला, काही नाही. ८ ला मागच्या ट्यूब प्लेटवर तीन ठिकाणी घाम फुटला. थेंब नाही, घामच.

टेस्टला पाणीच का भरतात, असं मी मामांना विचारलं होतं. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे कुठे फुटलंच तर दाब क्षणात उतरतो आणि फार तर अंग भिजतं. हवा किंवा वाफ कोंडलेली असेल तर ती पसरायला बघते आणि सोबत लोखंड घेऊन जाते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यानंतर पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. आपल्याकडची ही सगळी तपासणी तिथून सुरू झाली. हे मला नंतर वाचताना कळलं. त्या संध्याकाळी मात्र मी ट्यूब प्लेटवरचा घाम बघत रडकुंडीला आले होते.

शेजारचा एक वेल्डर मदतीला धावून आला. "दोन टाके मारून देतो. उद्या पेटवा. साहेबांना काय दिसतंय?" माणूस मनाने चांगला. पण बॉयलरवर मनाने टाका मारायचा नसतो. बांधणीत बदल, भर किंवा भाग बदलणं असेल तर मुख्य निरीक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि वेल्डरही आयबीआरचा प्रमाणित लागतो. मी कार्यालयात फोन करून जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं. तीच टोकं पुन्हा एक्सपांड करून (आतून फुगवून घट्ट करून) घ्या, मान्यताप्राप्त रिपेररकडून, आणि पुस्तकात नोंद होईल, असं उत्तर आलं. २० ला रिपेरर आला, एक्सपांडर फिरवला, ७,५०० रुपये घेतले. फोन करायला मी अर्धा तास घाबरत होते, आणि बोलणं झालं चार मिनिटांत.

२१ ला हायड्रॉलिक टेस्ट. आमच्या बॉयलरचा दाब चौरस सेंटिमीटरला १०.५४ किलो. हा विचित्र आकडा का, तर तो जुना १५० पीएसआय आहे, मेट्रिकचे कपडे घातलेला. वार्षिक टेस्टला त्याच्या सव्वापट, म्हणजे १३.२ च्या आसपास. साहेबांनी स्वतःचं गेज लावलं. हातपंपावर दोघं. काटा १३ च्या पुढे गेला आणि थांबला. दहा मिनिटं. शेडमध्ये सात माणसं आणि कुणी बोलेना. साहेब बॅटरी घेऊन प्रत्येक ट्यूबेचं टोक बघत होते. दहा मिनिटं किती लांब असतात हे ज्यांनी ही टेस्ट दिलीय त्यांनाच कळेल. काटा हलला नाही.

२२ ला हळूहळू पेटवला. २३ ला वाफेवरची चाचणी. आधी पाण्याची पातळी मुद्दाम उतरवून बघितली: मोब्रीने (पाणी कमी झालं की इशारा देणाऱ्या स्विचने) घंटा वाजवली आणि फॅन बंद पाडला. मग दाब वाढवत नेला. पहिला सेफ्टी व्हॉल्व्ह १०.२ ला उडाला, दुसरा १०.५ ला. तो आवाज मी शब्दांत नाही सांगू शकत. पत्र्यावरची कबुतरं पार तहसीलपर्यंत गेली असतील. मामा मात्र असे हसत होते जणू नातू बोलायला लागला.

सरकारी चलन सोडून एकूण ३३,५०० रुपये झाले. दिवाळीची सुट्टी धरली नाही तर काम पाच दिवस बंद. सर्टिफिकेट २८ तारखेला पोर्टलवर आलं. मधले चार दिवस, २४ ते २८, आम्ही त्या लाल पेनाच्या ओळीवर चाललो.

गोष्ट इथे संपली असती तर हे लिहायला मी बसलेच नसते.

२३ ला निघताना साहेब सायझिंगच्या हॉलमधून गेले. जुन्या मशीनजवळ थांबले. आमच्याकडे दोन मशीन होती. नव्यावर स्टीलचे सिलेंडर, जुन्यावर तांब्याचे दोन, एक मोठा, एक लहान. आत वाफ, बाहेरून सूत फिरतं आणि वाळतं.

"हे कोण तपासतं?"

मी म्हटलं, "तुम्हीच ना?"

"माझं काम बॉयलर आणि त्याच्या स्टीम लाइनचं. हे कारखाने कायद्यात येतं. सक्षम व्यक्तीचा रिपोर्ट कुठाय?"

फाइल काढली. नव्या मशीनचे रिपोर्ट होते, कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीचेही होते. जुन्या मशीनचा एकही नाही. कधीच नव्हता. अप्पांना कायम वाटत आलं की बॉयलर पास झाला म्हणजे त्याची वाफ जिथे जाते तेही पास झालं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं असतं. आमच्या मनात भीती फक्त बॉयलरची. त्याला नंबर, पुस्तक, पूजा, एकवीस वर्षांचा माणूस. आणि वाफ भरलेल्या सिलेंडरपासून हातभर अंतरावर सायझर आठ तास उभा, त्याचा विचार कुणी केलेला नाही.

सक्षम व्यक्ती म्हणजे राज्याच्या मुख्य कारखाने निरीक्षकांनी मान्यता दिलेला तपासनीस. कार्यालय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधला नियम ६५ आमच्यासारख्यांसाठी आहे: दाबाखालचं भांडं सहा महिन्यांतून एकदा बाहेरून, बारा महिन्यांतून एकदा आतून, चार वर्षांतून एकदा पाण्याच्या दाबाची चाचणी. रचनेमुळे आतून बघताच येत नसेल तर त्याऐवजी दर दोन वर्षांनी पाण्याची चाचणी. २ डिसेंबरला असे तपासनीस आले, ६,००० रुपये.

नव्या मशीनवरच त्यांनी दोन गोष्टी पकडल्या. वाफ बॉयलरवरून ९ किलोने येते, रिड्यूसिंग व्हॉल्व्ह ती ३ वर आणतो, आणि तो बिघडला तर वाचवायला पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्या सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा खळीने चिकटला होता. आमच्या हॉलमध्ये हवेतच खळ असते, ती सगळ्यावर बसते, वाळते, डिंक होते. आणि गेज ० ते २१ चं होतं. डायल कामाच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट हवी. २१ च्या डायलवर ३ आणि ४ मधला फरक लांबून दिसत नाही. दोन्ही त्याच आठवड्यात बदललं.

मग जुनं मशीन. प्लेट नाही, नंबर नाही, दाब लिहिलेला नाही. त्यांनी एकच विचारलं, "वय काय?"

तांब्यासारख्या पातळ पत्र्याच्या सायझिंग सिलेंडरसाठी नियमात वेगळी तरतूद आहे, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या पाच वर्षांनंतर दरवर्षी मूळ दाबाच्या ५ टक्के दाब कमी करत न्यायचा, आणि वीस वर्षांनंतर सिलेंडर वापरायचाच नाही. कागद नसतील तर वय सक्षम व्यक्ती मुख्य निरीक्षकांशी विचारविनिमय करून ठरवते, जी काय माहिती हाती लागेल तिच्यावरून.

अप्पांनी ते मशीन २००६ मध्ये भिवंडीतून जुनं घेतलेलं. म्हणजे आमच्याकडेच सतरा वर्षं. मी मनात हिशोब केला: आधीच्या मालकाने जेमतेम वर्ष-दोन वर्षं वापरलं असेल, तर अजून एखाद-दुसरं वर्ष निघेल. दाब कमी करून, हळू चालवून. तेवढ्यात नव्याची सोय बघता येईल. बिल शोधून देते म्हणाले.

ट्रंक माळ्यावर होती. ५ डिसेंबरच्या रात्री बिल सापडलं. त्याच्या मागे गंजलेल्या पिनेने लावलेला एक पिवळा कागद, २००१ चा, आधीच्या मालकाच्या सिलेंडरांचा तपासणी रिपोर्ट. मूळ दाब १.४ किलो. 'प्रथम वापरात आणल्याचे वर्ष' या रकान्यात निळ्या शाईने १९९८.

म्हणजे वीस वर्षं २०१८ मध्येच संपली होती. आणि नियमाने त्या शेवटच्या वर्षी दाब असायला हवा होता ०.३५. आम्ही १.१ वर चालवत होतो.

कागद घेऊन अप्पांच्या खोलीत गेले. त्यांना असलं काही सांगायचं नव्हतं, पण दुसरं कुणाला सांगणार? त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग विचारलं, "आणि कुणी बघितलाय हा?"

"नाही."

खिडकीतून कुणाच्या तरी मागांची खडखड येत होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग कागद घडी न करता माझ्या हातात दिला. "सायझरला सांग, उद्यापासून जुनं बंद. आणि ह्याची झेरॉक्स काढून त्यांना दे. ओरिजिनल ठेव आपल्याकडं."

बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. दोन पार्ट्या दुसऱ्या सायझिंगला गेल्या, त्यातली एक अजून परतलेली नाही. जुन्या मशीनवरची माणसं नव्यावर पाळ्या वाढवून सामावली. जानेवारीत सिलेंडर कापून मोडीत काढले, तांबं किलोला सहाशेच्या आसपास गेलं. आख्खा सिलेंडर विकत घ्यायला एक जण आला होता, भावही बरा देत होता. कशाला हवा हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. कापूनच दिले. कापताना खालच्या भागात, जिथे वाफेचं पाणी साचतं तिथे, पत्रा बोटाने दाबला तर लवत होता. मी फोटो काढून ठेवलाय, पण दाखवत नाही कुणाला.

आता कायद्याबद्दल एक सावधगिरी. वर मी जी कलमं सांगितली ती त्या वेळची. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा बॉयलर कायदा आलाय, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कारखाने कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तेव्हा कलमाचा आकडा माझ्याकडून घेऊ नका, कार्यालयातून आजचा विचारून घ्या. पण अर्ज मुदतीआधी करणं, बॉयलर थंड व्हायला तीन दिवस देणं, आधी स्वतः पंप मारून बघणं, यासाठी कुठला कायदा बघायची गरज नाही. आणि कारखान्यात एक फेरी मारून, वाफ किंवा दाबाची हवा जिथे जिथे कोंडली जाते त्या प्रत्येक भांड्याची यादी करा. हवेची टाकी, खळ शिजवायचा बंद कुकर, सिलेंडर, सगळं. त्या मुलाला मी फोनवर सांगितलं तेव्हा त्याने मोजून सात सांगितली. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला, "ताई, अकरा निघाली."

जुन्याच्या जागी नवे स्टीलचे सिलेंडर ११ मार्च २०२४ ला बसले, कर्ज काढून. प्रत्येकावर प्लेट, नंबर, दाब. अप्पा तोवर रोज तासभर येऊन बसायला लागले होते. संध्याकाळी बघते तर मशीनच्या फ्रेमवर, प्लेटच्या खाली, त्यांनी फिटरकडून आकडे पंच करून घेतले होते: ११-३-२०२४.

"अप्पा, प्लेटवर सगळं आहे की."

"प्लेट निघती. असू दे. माझ्या मागं तू ट्रंक हुडकत बसशील."